बारकीचा हात दरवाजाचा

आमच्या घराण्यात गोल्फ कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज माझी धाकटी बहीण पोरांना तो शिकवते, पगार घेऊन. तिला आम्ही बारकी म्हणतो. अंगानं बारकी, बाकी कशात नाही. मी सुतार, तिचा थोरला भाऊ. मी कितीही वाढवून सांगितलं तरी कमीच पडेल.

गोल्फच्या क्लबात ती गवत कापायची मशीन चालवायची. एका सुट्टीला तिथं खेळ शिकवणाऱ्या मास्तरांनी तिच्या हातात काठी दिली, ती तिनं सोडलीच नाही. लांबचा फटका असा मारायची की बघणाऱ्याची मान दुखावी. पण शिकवायची नोकरी हवी तर खेळून परीक्षा द्यावी लागते, आणि पहिल्या खेपेला बारकी भोकापाशी येऊन घसरली. जवळचा चेंडू हळूच ढकलायचा, तिथंच.

मी म्हटलं, उसनं आणलेलं हत्यारच हलक्या दर्जाचं असणार. त्या ढकलायच्या काठीला पटर म्हणतात. दुकानातला सगळ्यात भारी पटर आणला, चकचकीत. बारकीला देण्याआधी अख्ख्या गल्लीला दाखवून आलो. दुसऱ्या खेपेला ती त्याच पटरनं नापास झाली. चेंडू दर वेळी भोकाच्या उजवीकडून निघून जायचा, ओळख नसल्यासारखा. आता शेवटची एकच खेप उरली.

तेवढ्यात मास्तर भेटले. म्हणाले, तिचा हात चांगलाय, पटर बदला. माझं डोकं फिरलं. तडक क्लबात गेलो. बारकी अवजारांच्या खोलीत मशीनची पाती पुसत होती. माझ्या पटरात काय खोट आहे, विचारलं. ती दोन पटर घेऊन आली. एक माझा, एक दुसऱ्या खेपेनंतर तिला अडगळीत सापडलेला, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला.

"दादा, बोट पुढं कर."

माझा पटर बोटावर आडवा तोलला, तर त्याचं चेंडूला लागणारं तोंड सरळ छताकडे. जुना तोलला, तर टोक लगेच जमिनीकडे कललं.

"तुझा सरळ मागं, सरळ पुढं जाणाऱ्या हाताचा. ड्रॉवरसारखा. माझा हात वळून येतो, दरवाजासारखा. दरवाजाला ड्रॉवरची पट्टी लावशील का तू?"

"बिजागरी लागेल."

"ती या जुन्यात आहे. टोक जड, म्हणून हाताबरोबर उघडतो नि मिटतो. तुझा लवकर मिटत नाही, मग चेंडू उजवीकडे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू आणला होतास ना."

परीक्षेच्या सकाळी माझा पटर मीच तिच्या पिशवीतून बाहेर काढला. तसं तिला कुणी भिडेत पाडलेलं मला खपत नाही, मग तो मी का असेना.

शेवटच्या भोकाशी चेंडू एका दरवाजाच्या उंचीइतका लांब. हा गेला तर पास, नाहीतर पुन्हा गवत. मास्तर खाली बघत होते. मी मात्र तिच्या हाताकडे. हात वळून मागं गेला, वळून पुढं आला, कुठं कुरकूर नाही. कडी बसावी तसा चेंडू आत पडला. मी जे ओरडलो ते रस्त्यापर्यंत गेलं म्हणतात.

माझा पटर मास्तरांना दिला. त्यांचा हात ड्रॉवर आहे, त्यांना तो फार मानवलाय. आणि बारकी आज प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी बोट पुढं करायला लावते. पहिलं बोट माझं होतं, हे मी कुणाला विसरू देत नाही.