सोमवार-गुरुवार मासे नाहीत

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मोबाइलमधलं, बँकेतलं, सरकारी कागदातलं सगळं मला येतंच, असं घरात सगळे धरून चालतात. मला बरंचसं येत नाही. पण ‘येत नाही’ म्हटलं की बाबांचा चेहरा असा होतो, की मी ‘बघते’ म्हणते आणि मग खरंच बघत बसते.

गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात आई म्हणाली, “बाय, आपल्या खोल्यांची वेबसाइट होईल का गो?”

मी म्हटलं, “बघते.”

नागावला आमची छोटी वाडी आहे. नारळ, थोडी सुपारी, आणि वाडीच्या तोंडाशी पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. स्वयंपाक आई करते, आमच्याच चुलीवर. बाबा रिक्षा चालवतात आणि पाहुण्यांना जेट्टीवरून घेऊन येतात. आतापर्यंत पाहुणे एक ओळखीचे एजंट पाठवायचे. यंदा त्यांनी स्वतःच्याच खोल्या काढल्या आणि आमचा फोन वाजायचा थांबला.

त्याच सुमाराला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रिसॉर्टच्या मालकांनी आईला विचारलं होतं. त्यांना स्वयंपाकघर सांभाळायला बाई हवी होती. सकाळी जायचं, रात्री यायचं. मालक गावातलेच, आईला वहिनी म्हणतात, माणूस वाईट नाही. “तुळशीच्या लग्नापर्यंत सांगा वहिनी,” म्हणाले होते. आई तिकडे गेली तर आमच्या खोल्या बंद होणार, हे कुणी बोलून दाखवलं नाही. पण ती पाहुण्यांच्या चादरी धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात ठेवायची आणि परत काढून बघायची, ते मी पाहत होते. तिला जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी कशी फुगेल, असं ती एकदा स्वतःशीच म्हणाली.

म्हणजे वेबसाइटला मुदत होती तुळशीच्या लग्नाची.

योगायोगाने त्याच सहामाहीत कॉलेजात आम्हाला प्रकल्प होता: छोट्या व्यवसायाला स्वतःची वेबसाइट स्वतः बनवता येईल अशा सेवांची तुलना. सरांनी सांगितलं होतं, खर्च, वेग, सोपेपणा, दिसणं, एवढं बघा. मी तीन सेवा निवडल्या, तिन्हींचा फुकटचा वापर सुरू केला आणि तिन्हींवर आमच्या दोन खोल्या मांडायला बसले. वाडीत नेटवर्क विहिरीच्या कठड्यापाशी बरं येतं. म्हणून दुपारी कॉलेजातून आले की मी तिथे, मांडीवर मैत्रिणीचा उसना लॅपटॉप, आणि वर नारळाकडे एक डोळा.

पहिली सेवा दिसायला फार सुंदर होती. ‘समुद्रकाठचं घर’ असा एक तयार नमुना होता, तो मी घेतला. त्यात निळ्या खिडक्या, पांढरे पडदे, टेबलावर लिंबाचं पाणी. मी त्यात आमचं नाव घातलं आणि हौसेने बाबांना दाखवलं. बाबांनी रिक्षा चालवतानाचा चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “वेलकम टू पॅरडाइज.” मग बराच वेळ खाली-वर केलं.

“मस्त हाय,” ते म्हणाले. “पण आपलं घर कुठं हाय ह्यात?”

“फोटो टाकायचेत अजून, बाबा.”

फोटो टाकले. निळ्या खिडक्यांच्या शेजारी आमची कौलं अशी दिसायला लागली, जशी लग्नाच्या हॉलमध्ये चुकून शिरलेली. आणि मराठी लिहिलं तर बाबांच्या फोनवर वेलांट्या एकीकडे, अक्षरं एकीकडे. ‘वाडी’ वाचता येईना. त्या सेवेला मी प्रकल्पात ‘दिसणं’ या खाली पूर्ण गुण दिले आणि घरासाठी सोडून दिलं.

दुसरी सेवा खास हॉटेलवाल्यांसाठी होती. तिच्यात बुकिंगचं कॅलेंडर होतं: तारखेला बोट लावा, हिरवी असेल तर जागा आहे, लाल असेल तर नाही. मला ते इतकं आवडलं की माझ्या मनात निकाल तिथेच लागला. खऱ्या हॉटेलांचं असंच असतं. मी आईला कॅलेंडरपुढे बसवलं.

“आई, पाहुण्यांना काही गोष्टी आधी कळायला पाहिजेत. आपल्याकडे कोणत्या वारी मासे नसतात?”

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करताच सांगायला सुरुवात केली. सोमवार नाही. गुरुवार नाही. संकष्टी नाही, एकादशी नाही. नवरात्र अख्खं नाही. श्रावण तर विचारूच नको. “आणि शनिवार तुझ्या बाबांचा.”

“शनिवारी पाहुण्यांना करतेस ना पण?”

“करते. पण बाबांचा शनिवार हाय तो हायच. लिही.”

मी लिहिलं. म्हणजे त्या सेवेत लिहायला जागाच नव्हती, तारखेला फक्त एक खूण करता यायची. मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, पुढच्या वर्षाचं पंचांग मोबाइलवर शोधलं आणि तिथी बघून बघून पुढच्या श्रावणापर्यंत एकेक तारखेला खूण करत गेले. मन लावून केलं. एकही एकादशी सुटू दिली नाही. मग पत्ता सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघा आणि चुका सांगा.’

दोन-तीन दिवसांनी कल्याणहून मामाचा फोन आला. आई भाकरी थापत होती म्हणून फोन मी स्पीकरवर धरला.

“ताई, काय चाललंय काय तुमच्याकडे? म्हटलं दिवाळीनंतर पोरांना घेऊन येतो, तर एक शनिवार रिकामा नाही! नाताळातसुद्धा नाही! सोमवार, गुरुवार सगळं लालेलाल. श्रावणापर्यंत, ताई! पुढच्या श्रावणात पूर्ण महिना भरलाय. एवढं कोण येतंय?”

आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आधी तिचा चेहरा फुलला. मग तिने खिडकीतून पाहुण्यांच्या खोलीकडे पाहिलं. दाराशी मांजर पाय पसरून झोपलं होतं.

“कुणी न्हाय रे येत,” ती म्हणाली. “मांजर हाय फक्त.”

“मग ते लाल काय आहे?”

आता आई माझ्याकडे बघायला लागली आणि मला हळूहळू कळायला लागलं. पाहुण्याला लाल म्हणजे ‘खोली भरलेली’. मी मासे नसलेले सगळे दिवस लाल केले होते. मुंबईचा माणूस येतो तो शनिवारीच, आणि शनिवार मी बाबांच्या मारुतीला देऊन टाकला होता.

मामाला ते समजलं तेव्हा तो इतका हसला की मागून मामीचा आवाज आला, “काय झालं हो?” मग ती हसायला लागली. बाबा अंगणातून आत आले, त्यांना कळलं, ते खुर्चीत बसून हसले. “माझ्या उपासाने धंदा बंद केला की गं!” आई तेवढी हसली नाही. तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “म्हणजे एवढे दिवस कुणी बघितलं असेल त्यांना वाटलं असेल, इथं जागा न्हाय.”

त्या वाक्यावर माझं हसू गेलं. तुळशीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं.

मग मी तिसऱ्या सेवेकडे वळले. खरं सांगायचं तर तिला मी प्रकल्पात सगळ्यात कमी गुण देणार होते. तिच्यात काहीच नव्हतं. एक पान, त्यावर फोटो, मजकूर आणि दाबलं की थेट आमच्या घरी फोन लागेल असं बटण. बुकिंग वगैरे नाही. पण मराठी नीट दिसत होतं, विहिरीपासून लांब गोठ्याजवळही पान उघडत होतं, आणि महिन्याचा एक साधा तक्ता होता, ज्यात प्रत्येक तारखेखाली आपल्याला हवे ते शब्द लिहिता येत होते. मला एवढंच हवं होतं आणि मी ते आधी मागितलंच नव्हतं.

शनिवार मोकळा केला. बाबांनी मारुतीशी काय ते बोलून घेतलं असावं. ते पाहुण्यांच्या पंक्तीपासून लांब आमटी-भात खातील असं ठरलं. मासे नसलेल्या बाकीच्या तारखांखाली मी लिहिलं: ‘जागा आहे. आज घरात मासे शिजत नाहीत.’ वाक्य लिहिताना धाकधूक होती. समुद्रावर येणाऱ्याला मासे नाहीत हे कोण सांगतं? बाबांनाही तसंच वाटलं.

“हे वाचून कोण येईल? पुसून टाक.”

“आणि आल्यावर सांगायचं?” आई म्हणाली. “ते जास्त वाईट. राहू दे.”

ते वाक्य राहिलं. नवा पत्ता मी पुन्हा सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि या वेळी खाली लिहिलं, ‘ओळखीत पुढे पाठवा.’

दिवाळीच्या आधी एका दुपारी फोन वाजला. ठाण्याहून एक बाई बोलत होत्या. आईने उचलला, मी शेजारी.

“तुमच्या पानावर लिहिलंय की गुरुवारी घरात मासे शिजत नाहीत. खरं आहे का ते?”

आईला वाटलं तक्रार आहे. ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, “व्हय ताई. माफ करा. गुरुवारी अंडंसुद्धा न्हाय होत. पण शुक्रवारी ताजी सुरमई मिळेल, यांना सांगून ठेवते…”

“नको नको,” बाई घाईने म्हणाल्या. “मला गुरुवारच हवाय. सोमवार असेल तर सोमवारपण चालेल.”

आईने फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे पाहिलं, जणू फोनच बिघडलाय.

त्या बाईंच्या सासूबाई, ज्या दिवशी मासे शिजतात त्या दिवशी त्या घरात जेवत नसत. इतकी वर्षं सगळे समुद्रावर गेले की त्या घरी थांबायच्या. ‘तुमचं होऊ दे, मला काय करायचंय वाळूत’ म्हणायच्या. सुनेने आमचं पान बघून त्यांना वाचून दाखवलं होतं.

भाऊबीज झाल्यानंतरच्या गुरुवारी ते सगळे आले. सासूबाई रिक्षातून उतरल्या त्या मांडीवर स्टीलचा डबा घेऊनच. डब्यात दशम्या होत्या, कुठे काही अडलं तर म्हणून. आईने सकाळपासून चूल सारवून ठेवली होती. केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. केळीच्या पानावर वाढलं. आजींनी आधी चुलीकडे पाहिलं, मग आईकडे, मग पहिला घास घेतला. आम्ही सगळे काहीतरी काम असल्यासारखं दाखवत दाराशी उभे.

“बिरड्यात काय घातलंत?”

“काय न्हाय आजी. नारळ आपल्या वाडीचा, एवढंच.”

“वाढा अजून.”

डबा शेवटपर्यंत उघडला नाही. संध्याकाळी आजी नातीचा हात धरून पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या. लाट आली की त्या “अगं बाई” म्हणायच्या आणि दर वेळी एक पाऊल पुढेच टाकायच्या. आईही माझ्याबरोबर किनाऱ्यावर आली होती. इतक्या जवळ राहूनही ती समुद्रावर क्वचित येते. ती हसत होती, एकटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना डब्यातल्या दशम्या त्यांनी आमच्याकडे ठेवल्या. “आता तुम्हीच खा,” म्हणाल्या. ते गेल्यावर चहाबरोबर आम्ही त्या संपवल्या. फार छान होत्या.

मग त्यांच्या ओळखीतल्यांचे फोन येऊ लागले. कुणाची आई, कुणाची आत्या, एका ठिकाणी नवराच मासे न खाणारा. सगळ्यांना सोमवार, गुरुवार, नाहीतर संकष्टी हवी. संकष्टीला आई मोदक करते हे कुणीतरी कुणाला सांगितलं आणि त्या दिवसासाठी वेगळेच फोन. मासे खाणाऱ्यांचेही फोन येत होते, शनिवार-रविवारसाठी. पण मधले वार, जे आधी नेहमीच रिकामे असायचे, ते आता तक्त्यात भरायला लागले.

तुळशीच्या लग्नाला अंगणात नेहमीची माणसं जमली. ऊस लावला होता, चिंचा-आवळे ठेवले होते. रिसॉर्टचे मालकही आले. अक्षता हातात घेऊन त्यांनी आईला विचारलंच.

“मग वहिनी, काय ठरलं?”

“न्हाय जमणार भाऊजी. गुरुवारी आमच्याकडं माणसं हायेत.”

“एक गुरुवारच ना? तो सोडा. बाकीचे दिवस या.”

आई माझ्याकडे वळली. “बाय, बाकीचं वाच.”

मी फोन काढून वाचायला लागले. सोमवार, ठाण्याच्या आत्या. शनिवार, मामा, पोरांसकट. संकष्टी, दोन्ही खोल्या. मी वाचत होते आणि मालकांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

“बास, बास,” ते म्हणाले. “वहिनी, तुम्ही मला स्वयंपाकाला न्हाय भेटत, ते कळलं. पण पोरी, असलं पान मला करून देशील का?”

मी सवयीने म्हटलं, “बघते.”

“ती बघेल नंतर,” आई म्हणाली, आणि त्यांच्या हातात आणखी अक्षता ठेवल्या. “आधी लग्न लागू दे. भटजी थांबलेत.”