मागचं लेबल

या जगात भेसळ नसलेली एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे आमच्या बाईंचा संशय. दुबईत ऊद मेथामधल्या ज्या शाळेत मी शिकले तिथे त्यांनी अर्धं आयुष्य केमिस्ट्री शिकवली. वर्गात सगळे त्यांना ‘मॅम’ म्हणायचे, पण घंटा झाली की मराठी मुलांनी ‘बाई’च म्हणायचं असा त्यांचा नियम होता. निवृत्त झाल्यावरही मिस्टरांच्या धंद्यामुळे त्या दुबईतच राहिल्या. प्रयोगशाळा सुटली, प्रयोग सुटले नाहीत. देऱ्याच्या बाजारात केशर घ्यायला गेल्या तर दुकानदाराने “हंड्रेड परसेंट, हबीबी,” म्हणताच त्या म्हणाल्या, “हबीबी बाद में, पहले पानी लाओ.” त्याने आणलेल्या ग्लासात चार काड्या टाकून त्या स्टुलावर बसून राहिल्या. पाणी झटकन लाल झालं तेव्हा त्याला रंगाचं रसायन समजावून सांगूनच उठल्या. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने देवगडचा म्हणून दिलेला आंबा त्यांनी देठाशी हुंगला आणि सांगितलं, “हा देवगडला जाऊन आला असेल, पण एसटीने.” गणपतीच्या आरतीत सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे असतात, बाईंचे तबकाकडे. कापूर जळून मागे काही उरलं, तर पुढच्या वर्षी कापूर त्या स्वतः आणतात.

मी शाळेत शेवटच्या बाकावर बसायचे. उत्तर येत असलं तरी वहीत लिहायचे, बोलायचे नाही. बाकीच्या शिक्षकांनी मला माझ्या गप्प बसण्यासकट स्वीकारलं होतं. बाई मात्र रोज मला उभं करायच्या. “मिठाची गुळणी धरली आहेस का? कोणतं मीठ, ते तरी सांग.” वर्ग हसायचा आणि मी कसंबसं “सोडियम क्लोराइड” म्हणायचे. वर्षभरात मी जेवढं बोलले, त्यातलं बरंचसं सोडियम क्लोराइडच होतं.

अशा बाईंकडे मी एका संध्याकाळी टकीला मागवायला गेले.

त्याचं कारण भूगोल होतं. आम्ही अल नहदात राहतो आणि बाईही अल नहदात राहतात, पण आमची अल नहदा शारजात आहे आणि त्यांची दुबईत. मधे एक रस्ता. आमच्या बाजूला दारूबंदी, ती आणायचीसुद्धा नाही, त्यांच्या बाजूला परवाना असला तर ती दारात येते. बाटली मला हवी होती ती माझ्या मॅनेजरसाठी. ती मेक्सिकोची. आमच्या टाइल्सच्या कंपनीत तिने मला शिकाऊ म्हणून घेतलं तेव्हा मीटिंगमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तिने ते पाहिलं आणि मला आदल्या दिवशी लिहून द्यायला सांगितलं. मग मीटिंगमध्ये ती माझा मुद्दा वाचायची आणि प्रत्येक वेळी आधी माझं नाव घ्यायची. एकदाही विसरली नाही. मला कायम करायची वेळ आली तेव्हा वरच्या साहेबांनी “टू क्वायट” असा शेरा मारला, तर ती म्हणाली, “वाचायला येतं ना तुम्हाला?” आता ती कायमची घरी परत चालली होती. तिच्या वडिलांनी जन्मभर टकीलाच्या झाडांची कापणी केली होती. इथल्या पार्ट्यांमध्ये मिळते ती टकीला तिने एकदा नुसती हुंगून परत ठेवलेली मी पाहिली होती. तिला खोटी बाटली देणं म्हणजे खोटे आभार मानण्यासारखं झालं असतं.

मी फोनवर दुकानाची साइट उघडून बाईंना दाखवली. एक कवटीच्या आकाराची बाटली होती, एकीला टोपी होती. मी निवडलेली सोनेरी होती, कारण ती श्रीमंत दिसत होती.

“ही असते कशाची?” बाईंनी विचारलं.

“अगावे. इट्स अ प्लांट.” मी फोटो दाखवला.

बाईंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि पात्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “अगं, हे तर घायपात. बार्शीला आमच्या बांधावर होतं. माझे आजोबा त्याचा वाख काढून बैलांचे कासरे वळायचे. याची दारू होते हे कळलं असतं, तर गावात एक बैल बांधलेला राहिला नसता.”

तिथून ते काम माझं राहिलं नाही. दोन-चार दिवसांत बाईंना टकीलाबद्दल जेवढं कळलं तेवढं पिणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. लेबलवर ‘शंभर टक्के अगावे’ लिहिलेलं नसेल तर जवळजवळ निम्मी दारू दुसऱ्याच कुठल्या साखरेची असू शकते. “एवढं पाणी तर आमचा गवळीसुद्धा घालत नव्हता.” सोनेरी रंग पुष्कळदा वरून घातलेला असतो, म्हणून माझी श्रीमंत बाटली पहिल्याच फेरीत बाद झाली. प्रत्येक खऱ्या बाटलीवर ती जिथे बनली त्या कारखान्याचा चार आकडी नंबर असतो आणि तो शोधून पाहता येतो. पण साइटवर बाटल्यांचे फोटो फक्त समोरून होते. बाईंनी दुकानात फोन लावला.

“मॅडम, पीछे का फोटो कोई नहीं माँगता,” पलीकडचा मल्याळी मुलगा म्हणाला.

“इसीलिए तो असली बात पीछे लिखते हैं,” बाई म्हणाल्या. “यल्ला, घुमाओ.”

त्याने घुमवली. नंबर जुळला. किंमत दिरहॅममध्ये ऐकून मी खुर्चीत बसले, रुपयांत ऐकून बाई बसल्या. ज्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता, त्या घरात बाईंनी स्वतःच्या नावाने परवाना काढला आणि तो लायब्ररीच्या कार्डाशेजारी ठेवला. बाटली घेऊन आलेल्या माणसाने वय बघायला आयडी मागितला, तेव्हा पांढऱ्या केसांच्या बाई इतक्या खूश झाल्या की त्याला लाडू दिला. मग बाटली ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “रीडिंग घे.” मी सील पाहिलं, नंबर मोठ्याने वाचला, साइटवरचा त्यांनी वाचला.

“आता?” मी विचारलं.

“आता काय, हिला ना पाण्यात टाकता येत, ना जाळता येत.” बाईंनी बाटली उजेडात धरली. “आयुष्यात पहिल्यांदा लेबलवर विश्वास ठेवते आहे. तुझ्यामुळे.” मग अगदी सहज विचारलं, “आणि तू काय बोलणार तिच्याशी?”

मी पर्समधून कार्ड काढून दाखवलं. त्यावर छापलं होतं, ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग’.

“हे समोरचं लेबल झालं,” बाई म्हणाल्या. “एव्हरीथिंग म्हणजे काय? मागे काय लिहिलं आहे?”

मागे काहीच नव्हतं. कार्ड कोरं होतं.

बाटली रस्ता ओलांडून माझ्या घरी जाऊ शकत नव्हती, म्हणून मॅनेजरलाच बाईंकडे जेवायला बोलावलं. ती आली, थालीपीठ हाताने खाल्लं, दुसरं मागून घेतलं. मग बाईंनी बाटली माझ्या हातात दिली आणि मी ती पुढे केली. तिने समोरचं लेबल पाहिलंच नाही. आधी बाटली फिरवली, अंगठ्याने नंबर शोधला आणि वाचून तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेला नेमका त्यांचाच प्रश्न आला होता.

“हे कुणी शोधलं?” तिने विचारलं.

मला वाटलं बाई आता केशरापासून सुरुवात करतील. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मिठाची गुळणी त्यांनी धरली होती. दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या.

“तुम्ही माझं नाव घ्यायचात,” मी म्हणाले. इंग्रजीतच, पण मोठ्याने. “प्रत्येक मीटिंगमध्ये. आधी नाव, मग मुद्दा. माझं नाव एवढ्या मोठ्याने मी स्वतःही कधी घेतलं नव्हतं. हे त्यासाठी आहे. एव्हरीथिंगसाठी नाही, त्यासाठी.”

तिने बाटली खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं. बाई लगबगीने गॅस बघायला गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

ती मेक्सिकोला गेल्यानंतर काही दिवसांनी तिने एक फोटो पाठवला. निळसर पात्यांच्या रानात तिचे वडील, आणि त्यांच्या हातात ती बाटली, मागची बाजू समोर करून धरलेली. मी रस्ता ओलांडून बाईंना दाखवायला गेले. त्यांनी फोटो इतका मोठा केला की माणसं गेली आणि फक्त पानांचे काटे उरले. “घायपातच,” त्या म्हणाल्या. “याला जन्मात एकदाच फूल येतं, खांबासारखं उंच. आमच्या बांधावर आलं होतं तेव्हा अख्खा गाव बघायला आला होता. मी शाळा बुडवली होती.” शाळा बुडवलेल्या बाई मला त्या दिवशीच पहिल्यांदा दिसल्या.

बाईंचे मिस्टर आता धंदा आवरताहेत. उन्हाळ्याआधी दोघं बार्शीला जातील. बांध अजून आहे म्हणे, त्यावर काय आहे ते बाई जाऊन तपासणार आहेत. एअरपोर्टवर मी त्यांना ‘थँक यू, बाई’ म्हणेन, पण पुढे त्या काय विचारतील ते मला पाठ आहे. म्हणून मागची बाजू आधीच लिहून ठेवली. ती ही.