बर्फातल्या सात काठ्या

दिवाळीला आसगावला घरी आले होते. सकाळी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून मेल उघडला आणि डोक्यात तिडीक गेली.

अंटार्क्टिकावर दोन मोसम मी बर्फात रोवलेल्या बांबूच्या काठ्या मोजल्या. काठी बर्फावर किती उरली ते बघायचं. कमी उरली म्हणजे बर्फ साचला. सात काठ्या मात्र दुसऱ्या वर्षी जास्तच उघड्या पडल्या होत्या. बोटं बधिर झाली तरी मी एकेक काठी तीनदा मोजली. आता आमच्या प्रकल्पाचे सर लिहितात, "संगणकाच्या मॉडेलप्रमाणे तिथे भरपूर बर्फ पडलाय, तुमचं मोजणं चुकलं असावं. त्या सात नोंदी लेखातून गाळू या."

मोजणं चुकलं असावं! या गृहस्थांनी बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. उंटावरून शेळ्या हाकायच्या तरी किती?

रागारागात उत्तर लिहीत होते, तेवढ्यात बाबा धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, आले. "काहून तणतण करून राहिली?" मी सगळं सांगितलं.

पायांवर पाणी घेत ते म्हणाले, "बरफ पडला म्हणजे तिथंच रायला, असं कोन सांगतलं त्याले? वारा नाई का तिथं? आपल्या बांधीत पानी पडते, अन् धुऱ्याले खेकड्याचं बीळ असलं तं सकाळी बांधी कोरडी."

अगदी हेच! बांधातल्या बिळातून पाणी जावं तसा वारा तिथला भुसभुशीत बर्फ उडवून नेतो, हे उत्तरात लिहायला मी दोन परिच्छेद खर्ची घातले होते.

"बाबा, त्या माणसाले तुमीच सांगा आता."

"त्याले काय सांगू? तू बी मले असंच म्हणली होती."

मला आठवलं. कॉलेजात होते. बांधीत रोवलेली खुणांची काठी दाखवून बाबा म्हणत होते, पाणी उतरून राहिलं. मी मोबाइलवर तालुक्याचा पाऊस बघितला आणि शेजाऱ्यांसमोर त्यांना सुनावलं, "पाऊस भरपूर झाला, तुमचंच मोजणं चुकलं." त्या वर्षी ती बांधी वाळली. मला स्वतःचीच लाज वाटली आणि सरांवरचा राग दुप्पट झाला.

उत्तरात मी 'कदाचित वाऱ्यामुळे' असं लिहिलं होतं. त्यातलं 'कदाचित' खोडलं. खाली लिहिलं, सात काठ्या लेखात राहतील, नाहीतर माझं नाव काढा. बाबांना वाचून दाखवलं.

"आठ लिव्ह," ते म्हणाले. "माही बी होती."