साजाची मागची बाजू

माझ्या कोल्हापुरी साजाचं कौतुक करायला माणसं ओळखीचीच लागतात असं नाही. निपाणीहून बेळगावला येताना बसमध्ये शेजारी बसलेली बाई संकेश्वर यायच्या आत विचारतेच, "कुठल्या सराफाकडनं केलासा?" एका लग्नात तर एका मुलीनं "आंटी, जरा हलू नका" म्हणत माझ्या गळ्याचा फोटो काढला. चेहरा घेतला नाही, नुसता गळा. एकीनं मात्र "एक ग्रॅमचं न्हवं हे?" असं विचारलं. तिच्याकडे मी असं बघितलं की बाई उतरेपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसली. मला कौतुक आवडतं, उगाच लाजायचं नाटक जमत नाही. साज मी माझ्या मास्तरकीच्या पगारातून केलाय आणि तो ओवलाय माझ्या वडिलांनी.

आमचं घर पटवेकऱ्याचं. सराफ मणी आणि पानं घडवणार. ती रेशमात ओवून, मागचा गोफ विणून गळ्यात घालण्याजोगी करणार आमचे आप्पा. निपाणीत सराफाच्या दुकानाच्या पायरीवर बसून, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून त्यांनी जन्म काढला. दिवसभर हातात दुसऱ्यांचं सोनं आणि आईच्या गळ्यात नुसती काळी पोत. शाळेत मुली आपापल्या आयांचे दागिने मोजून सांगायच्या, तेव्हा मी गप्प बसायची. आता बोलते, आणि जरा जास्तच बोलते.

आप्पांना बायका पाठमोऱ्या, मानेवरच्या गोफावरून ओळखू यायच्या. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या मानेकडे ते टक लावून बघत होते. तिचा नवरा बाह्या सरसावून उठला. आप्पा शांतपणे म्हणाले, "मागची गाठ सुटायला आलीया. बसमधनं उतरायच्या आत माळ खाली पडंल." खिशातून सुईदोरा काढून त्यांनी चालत्या बसमध्ये ती गाठ बसवून दिली. नवरा मग सगळा रस्ता "अण्णा, अण्णा" करत होता.

गेल्या वर्षापासून त्यांचा हात थरथरतो. साजाचे सुटे मणी मी त्यांच्यापुढे ठेवले तर म्हणाले, "माझा हात गेला आता. बेळगावात एकजण चांगला ओवतोय, त्येला दे." मी हट्टाला पेटले. दुसऱ्यानं ओवलेला साज मी घालणार नाही, तसाच डब्यात राहील, असं सांगून टाकलं. जे काम ते एका दुपारी उरकायचे, त्याला पंधरा दिवस लागले. साज हातात देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एवढ्या एका लग्नाला घाल. मग सोडवून त्येच्याकडनं नीट करून घे. गाठ बिघडलीया."

शेवटची गाठ गोफाच्या पोटात जिरवायची, डोळ्याला दिसता कामा नये, बोटाला लागता कामा नये, हा त्यांचा नियम. गाठ दिसली की पटवेकरी कच्चा. मला तर ती कुठं सापडत नव्हती. तसं सांगितलं तर म्हणाले, "तू लेक हाईस, तुला कशी दिसंल?"

मग कुणी साजाला छान म्हटलं की मी त्यांना फोन करू लागले. ते हसायचे. "सोन्याला बरं म्हणायला काय लागतंय? मागनं कुणी बघितलं काय?" मागून कुणी बघत नव्हतं. शेवटी मी खोटं बोलले. म्हटलं, "व्हय आप्पा, एका बाईनं गाठीचं लई कौतुक केलं."

"गाठीचं?" ते म्हणाले. "म्हंजे दिसली तिला."

मी जीभ चावली, पण उपयोग काय! पटवेकऱ्याची मुलगी असून मला एवढं कळू नये? दोन दिवस ते धड जेवले नाहीत, असं आईनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "त्या बेळगाववाल्याकडं कधी जाणार हाईस?" पुढच्या रविवारी जाते, असं मी म्हणाले. त्यांचं मन मीच मोडलं होतं, आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

त्याच्या आदल्या दिवशी बेळगावातच, अनगोळला शेजारचं लग्न होतं. जेवून हात धुवायच्या रांगेत उभी होते, तर मानेवर कुणाचीतरी बोटं. चोरच, म्हणून मी तो हात गच्च धरला. बघते तर एक म्हातारी, नऊवारीतली, माझ्या खांद्याएवढी. तिनं कन्नडात विचारलं, हे ओवलंय कुणी? तिच्या माहेरी हाच धंदा होता म्हणे. हात सोडवून घेऊन तिनं चष्मा नाकावर चढवला, मला खांद्याला धरून फिरवलं आणि गोफावरून बोट फिरवायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मागची माणसं खरकटे हात घेऊन कुरकुरायला लागली. मी जागची हलले नाही. शेवटी ती वैतागून म्हणाली, "गाठ मारायची विसरला की काय गं हा?"

मी हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी. हात तसेच खरकटे घेऊन बाहेर मांडवात आले आणि फोन लावला.

"आप्पा, एक म्हातारी मागनं बघत होती. पटवेकऱ्याची लेक."

"काय म्हणाली?"

"गाठ मारायची विसरला काय, म्हणाली."

"किती वेळ हुडकली?"

"लई वेळ. मागं सगळी रांग खोळंबलीती."

"चष्मा हुता तिला?"

"व्हय आप्पा, चष्मा लावूनच बघितलं."

"हां," आप्पा म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे. उद्या त्या बेळगाववाल्याकडं जाऊ नगंस."