लाल खूण, हिरवी खूण

नवऱ्याला आता कामावर जायचं नव्हतं, तरी सकाळी तिने सवयीने त्याचे मोजे जोडीजोडीने पलंगावर ठेवले. लग्नानंतर आठवड्यातच तो एका पायात तपकिरी, दुसऱ्यात हिरवा मोजा घालून बाहेर पडला होता. तेव्हापासून मोजे तीच लावायची, टोमॅटो पिकलेत की कच्चे तेही तीच बघायची. "कुणाला सांगू नकोस, हसतील," एवढंच तो म्हणाला होता. सत्तावीस वर्षं तिने ब्र काढला नाही.

दारावर टकटक झाली.

रक्तपेढीत त्याच्या हाताखाली काम करणारी मुलगी खोकं घेऊन उभी होती. आत त्याचा मग, स्वेटर, चष्म्याचं घर.

"काका, तुमचं सामान."

"अगं, चहा टाक! आमच्या साहेब आल्यात घरी," मुलीकडे हात करत तो आत बघून म्हणाला. मुलगी हसली नाही.

दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी त्याने एकेकाला फोन करून जमवली होती. ती ठेवायला संगणक-यंत्रं दोन: एक सरावाचं, खोट्या नावांचं, दुसरं खरं. पडद्यावर दोन्ही यंत्रांच्या खिडक्या शेजारी-शेजारी उघडत, आणि हुकूम टाइप करायच्या ओळीच्या सुरुवातीला पूर्वी यंत्राचं नाव यायचं. मुलीने ती लांबलचक नावं काढून खऱ्याला लाल खूण दिली, सरावाच्याला हिरवी. सगळ्यांनी वाहवा केली, त्यानेही मान डोलावली. डावीकडची खिडकी सरावाची, असं तो मनाशी धरून चालला. एका मंगळवारी खिडक्या उलट उघडल्या गेल्या, आणि सरावाची समजून त्याने खरी यादी पुसली. राखून ठेवलेली प्रत आठ महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळात जमवलेल्या दात्यांची नावं गेली, पाठोपाठ त्याची नोकरीही.

"काका, लाल खूण समोर असताना पुसलंत कसं हो?"

"वय झालं," तो कपात बघत म्हणाला.

आता मात्र बायकोला राहवेना. "वय कसलं! ह्यांना लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही गं. जन्मापासून."

मुलीचा कप हातातच राहिला. "मग बोलला का नाहीत? एका मिनिटाचं काम होतं!"

"तू इतक्या हौसेने केलं होतंस."

"मी वरती सांगते. तुम्हाला परत घेतील."

"नको. पुसलं ते माझ्याच हातांनी." त्याने खोक्यातला मग काढून टेबलावर ठेवला. "एवढं कर. रंग राहू देत, पण शेजारी अक्षरांत 'खरं' असं लिही."