पाच रेघांवरची टिंबं

वरातीची मला किळस आहे, आणि ती उगाच नाही. आमचे हे, म्हणजे भगवान, पावणे गावातल्या एका कारखान्यात दिवसभर लेथवर उभे राहायचे आणि लगीनसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. झिंगलेली माणसं यांच्या खांद्याला लोंबकळायची, तोंडावर वास मारत ओरडायची, "ए बाजावाले, पुंगी वाजव ना!" मग हे भर रस्त्यात गुडघे टेकून पुंगीची धून वाजवायचे. शर्टावर उडालेली पानाची पिंक मी धुवायची.

त्र्याऐंशी साली बेलापूर रोडवरच्या एका मोठ्या कारखान्याने स्वतःचा बँड काढायचं ठरवलं. पक्की नोकरी, गणवेश, खुर्चीत बसून वाजवायचं. अट एकच: कधी न पाहिलेला कागद समोर ठेवणार, तो वाचून वाजवायचा. हे वाशीच्या परेरा मास्तरांकडे नोटेशन शिकायला जाऊ लागले. पाच रेघा आणि त्यांवर टिंबं.

अडचण झाली यांच्या कानाची. एकदा वाजवलं की कायमचं पाठ. मास्तरांचं एकुलतं पुस्तक बघता बघता तोंडपाठ झालं, आणि पाठ झालेलं वाजवणं म्हणजे काही वाचणं नव्हे.

"केशर, तूच काढ टिंबं," हे म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर!"

मग रोज भाकऱ्या थापून झाल्या की मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायची आणि मनाला येईल तिथे टिंबं द्यायची. हे कामावरून आले की ते वाजवायचे. काय ते भयंकर सूर! शेजारच्या वेणूबाई दारात येऊन म्हणाल्या, "वयनी, कोनाला काय चावलं काय?" मी फाडकन दार लावलं. हे मात्र आधी अडखळत, मग कमी अडखळत, वाचायला लागले.

चाचणीला मी सोबत गेले आणि बाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. साहेबांनी विचारलं, आधी कुठे वाजवत होता? यांनी खरं ते सांगितलं. साहेब हसले, स्टँडवरचा कागद उचलून टेबलावर पालथा ठेवला.

"हे राहू दे रे. ती पुंगी वाजव. तुम्हा लोकांची स्पेशालिटी!"

"साहेब, मी वाचून वाजवतो. कागद द्या."

"अरे, वाजव तर आधी!"

नोकरी हवी होती. यांनी वाजवली, पण गुडघे टेकले नाहीत. साहेबांनी टेबलावर ताल धरला, दोघं कारकून खुर्चीतच डोलले. धून संपल्यावर साहेब चहाचा घोट घेत म्हणाले, "झकास! पण आम्हाला वाचणारा माणूस हवाय." आणि पुढच्याला हाक मारली.

मला शिसारी आली. वरातीतल्या दारुड्याला निदान शुद्ध तरी नसते. ही माणसं पूर्ण शुद्धीवर होती.

घरी आल्यावर यांनी शर्टही बदलला नाही, क्लॅरिनेट जोडली. "नवा कागद काढ," म्हणाले. मी रागारागाने टिंबं दिली, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत. यांनी तो कागद भिंतीला टेकवला आणि पहिल्या टिंबापासून शेवटच्यापर्यंत वाजवला, एकदाही न अडखळता. त्यावर कुणाच्या बापाला नाचता आलं नसतं.