टोळीतला पोलीस आणि माझी आई

खोटं नाव घेऊन टोळीत शिरलेल्या एका पोलिसाची मालिका आहे. ती मी आणि आई फोन चालू ठेवून बघतो. मी कामोठ्याला सासरच्या फ्लॅटमध्ये, ती दिवाळे गावात आमच्या जुन्या घरी. आईला मारामारी आवडते. "हान त्याला!" ती फोनमधून ओरडते आणि माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून दचकून बघतात. मला मात्र साधे प्रसंग आवडतात. जेवताना कुणीतरी सहज विचारतं, "तुझं गाव कुठलं रे?" आणि तो हातातला घास न थांबवता काहीतरी ठोकून देतो. आता पकडला जातो की काय, अशी धास्ती वाटते. त्या धास्तीसाठीच तर मी बघते.

कारण हा उद्योग मी रोज करते. बेलापूरच्या ऑफिसात माझं आडनाव सासरचं, भाषा घासूनपुसून घेतलेली आणि डब्यात सासूबाईंच्या हातची मेथी. आई काय करते असं कुणी विचारलं की मी म्हणते, "घरीच असते." आई दिवाळ्याच्या बाजारात मासळी विकते. त्या मासळीवरच मी शिकले. ऑफिसात मी हे लपवते, हे आईला अर्थातच कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शनिवारी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "चल ना, दिवाळ्याला जाऊन मासे घेऊ. एकदम ताजे मिळतात." आजवर मी सबबी सांगून सुटत आले होते, त्या दिवशी एकही सुचली नाही. रिक्षात बसल्यावर मनाशी ठरवलं, आता सांगून टाकायचं, ही माझी आई. वाक्य चांगलं घोकलं.

मैत्रीण नेमकी आईच्याच पाटीपुढे थांबली. मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली मावशी म्हणाली, "आगो पोरी, तू कवा..." आईने तिला कोपराने ढोसलं.

"गिऱ्हाइकाला बघू दे गो," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बोला म्याडम, काय देऊ?"

मैत्रिणीने सुरमईसाठी घासाघीस केली. "तुम्ही लोक लुटता हं," असंही म्हणाली. आई हसत हसत तुकडे करत होती. मी पर्सची चेन उघडत आणि लावत उभी होते. अजूनही सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बाकी सगळ्याला मी काही ना काही कारण देऊ शकेन, त्या हायसं वाटण्याला नाही. त्याचीच लाज वाटते.

"तुमाला नको का काय?" आईने मला विचारलं.

"आमच्याकडे चालत नाही," मी माझ्या आईला सांगितलं.

संध्याकाळी मालिकेच्या वेळी तिचा फोन आला. वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या घालेल. काहीही चाललं असतं. पण स्वारी खुशीत होती.

"कोनी वलखला नाय ना तुला?" तिने हळूच विचारलं. "मावशी बोलनारच होती, मीच तिला गप केला. बरा केला ना मी?"

"हो आई," मी म्हणाले. "छान केलंस."